सिद्रामप्पाच्या श्वासनळीतली झाडूवाली

मी एक जुनी पेशी आहे. वय सव्वा वर्ष. हसू नका, मित्रांनो. आमच्यात सव्वा वर्ष म्हणजे काठी टेकत चालायचं वय. सध्याचा मुक्काम सोलापुरात, एका सरकारी दवाखान्याच्या खिडकीत, काचेच्या पट्टीवरच्या एका थेंबात. शेजारी पुठ्ठ्याची डबी आहे. डबीवर निळ्या पेन्सिलीनं लिहिलेलं आहे : 'सिद्रामप्पा, गिरणी कामगार, वय ४२.' डबीत बेडका आहे आणि मी त्या बेडक्यातूनच आलेली आहे. माझं नाव कुठंही लिहिलेलं नाही. शाळेत तुम्हांला जुन्या छत्रीचं किंवा फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्त लिहायला सांगतात. माझं लिहायला कुणी सांगणार नाही, म्हणून वाळून जायच्या आत मीच सांगून टाकते.

माझा जन्म या सिद्रामप्पाच्या श्वासनळीत झाला, घशाच्या चार बोटं खाली. जागा मी निवडलेली नव्हती. निवडायची सोय असती, तर अकलूजकडच्या एखाद्या मळ्यात राबणाऱ्या बाईच्या छातीत जन्म घेतला असता. हवा चांगली आणि बाई शहाणी. पण पदरी पडला सिद्रामप्पा.

माझ्या डोक्यावर दोनशे केस आहेत. पुस्तकात त्यांना रोमक म्हणतात. हे केस शोभेचे नाहीत. सेकंदाला दहा-बारा वेळा ते वरच्या दिशेनं झटका मारतात. हवेबरोबर आत आलेली धूळ, काजळी, जंतू, सगळं चिकट कफात अडकतं, आणि आम्ही शेजारणी मिळून तो कफ घशापर्यंत ढकलत नेतो. थोडक्यात, मी झाडूवाली. दिवसपाळीही माझी आणि रात्रपाळीही माझीच.

आता हे केस हलतात कसे? सिद्रामप्पाला विचाराल तर तो म्हणेल, देवाच्या कृपेनं. कृपा असेलही, पण देवानं ती दारांवर सोपवलेली आहे. माझ्या अंगाला अगदी बारीक दारं आहेत. गिरणीच्या फाटकावरचा पहारेकरी बिल्ला बघून माणूस सोडतो, तशी ही दारं विजेचा भार असलेले कण ओळखून सोडतात. या कणांना आयन म्हणतात. एका दारातून मिठातला क्लोराइड बाहेर जातो. तो गेला की पाणी त्याच्या मागोमाग जातं आणि माझ्या केसांभोवती पाण्याचा पातळ थर राहतो. दुसऱ्या दारानं सोडियम आत येतो आणि जास्तीचं पाणी परत ओढून घेतो. पाण्याचा थर फार वाढला तर केसांची टोकं कफाला पोचत नाहीत, आणि आटला तर केस कफात रुतून बसतात. म्हणून ही दोन दारं जन्मभर एकमेकांकडं बघत बसलेली असतात.

तिसरं दार कॅल्शियमचं. सिद्रामप्पा तंबाखूत चुना मळतो ना, त्यातलंच हे कॅल्शियम. तो नखभर चुना घेतो, मला दिसणारही नाही इतकं पुरतं. कफ जड झाला, धक्का बसला किंवा ऊब लागली, की हे दार किलकिलं होतं, कॅल्शियम आत येतं आणि केस झपाझप चालायला लागतात. काम झालं की मी ते बाहेर काढते आणि दार लावून घेते. दार कायमचं उघडं टाकलं तर मीच मरेन, एवढी अक्कल मला आहे. मला मेंदू नाही, हे मुद्दाम लक्षात ठेवा. कारण ज्याला तो आहे त्याची गोष्ट आता सुरू होते.

सिद्रामप्पा गिरणीच्या कार्डिंग खात्यात कामाला. तिथं यंत्रावर कापूस विंचरून काढतात. काढताना जी धूळ उडते ती इतकी, की पलीकडचा माणूस पांढऱ्या पडद्यामागं उभा असल्यासारखा वाटतो. पाळी संपली की कामगारांच्या भुवया म्हाताऱ्या झालेल्या असत. बाहेर आल्यावर ते भुवया झटकत. आतली धूळ झटकायला मी होते, म्हणून ती त्यांच्या हिशेबातच नव्हती.

धुळीवर उपाय म्हणून सगळं खातं गूळ खाई. गुळानं छाती साफ होते, असं तिथं पिढ्यान्पिढ्या ठरलेलं होतं. सिद्रामप्पा रोज लिंबाएवढा खडा तोंडात टाके आणि समाधानानं छाती चोळे. गूळ जात होता शेजारच्या नळीतून. ती अन्ननळी. आम्हांला त्याचा नुसता वास येई. वर्षभर मी गुळाचा वास घेत कापूस उपसला, आणि श्रेय गुळानं घेतलं. गुळामागून बिडी. बिडीच्या धुरानं माझं क्लोराइडचं दार जाम व्हायचं. दार जाम झालं की पाणी येईना, थर आटे, कफ चिक्कीसारखा घट्ट होई आणि माझे केस त्यात अडकून पडत. गूळ खाऊन बिडी ओढणारा हा गृहस्थ स्वतःला तब्येतीला जपणारा समजत असे.

त्याला अभिमान मात्र एकाच गोष्टीचा होता, तो म्हणजे खिशातल्या पितळी शिट्टीचा. गल्लीच्या मंडळाचं लेझीम पथक चाळीस माणसांचं होतं. विसर्जनाच्या मिरवणुकीत त्याच्या शिट्टीवर चाळीस माणसं एकदम बसत, उठत, वळत. अकरा वर्षं ती शिट्टी त्याच्याकडं होती. शेवटच्या डावाला तो एकच लांब शिट्टी घाली, ती संपेपर्यंत पथक गोल फिरत राही. एवढी मोठी छाती देवानं दिली, आणि तिचा उपयोग काय, तर पितळेत वारा भरणं. पण त्याचा जीव त्यात होता, हे मला मान्य करावं लागतं. शिट्टी फुंकायच्या आधी तो जो श्वास घेई, तसा श्वास तो दुसऱ्या कशासाठीच घेत नसे.

मग सोमवारचं दुखणं सुरू झालं.

गिरणीला रविवारी सुट्टी. रविवारी धूळ नाही, त्यामुळं आम्ही शेजारणी आठवड्याचा साठलेला कचरा उपसून टाकायचो आणि संध्याकाळपर्यंत तो मोकळा श्वास घ्यायचा. सोमवारी तो पुन्हा त्या पांढऱ्या ढगात शिरे. एक दिवस धुळीची सवय मोडलेली नळी दचकून आवळून घेई. दुपारी छातीवर वरवंटा ठेवल्यासारखं होई. मंगळवारी जरा कमी. शनिवारपर्यंत नळी मार खायला सरावलेली असे.

यावरून शाळेतल्या कुठल्याही मुलाला कळेल की काय चाललंय. सिद्रामप्पानंही विचार केला. जेवता जेवता त्यानं बायकोला, मायाक्काला, निकाल सांगितला.

"शनवारी मी ठणठणीत. सोमवारी छाती भरली. मधी काय आलं, सांग बरं?"

"काय आलं?"

"रविवार."

"मग?"

"मग काय मग? रविवार बाधला. माणूस बसला की कफ बी बसतो. मशीन बंद ठिवलं तर गंजतंय की!"

"तुमी मशीन हायसा व्हय?"

"मशीनपरीस काय कमी हाय?"

"न्हाय. मशीनीला आठवड्याला तेल तरी घालत्यात," मायाक्का म्हणाली आणि भाकरी उलथली.

दुसऱ्याच आठवड्यात या शास्त्रज्ञानं रविवारच्या सफाईच्या कामासाठी आपलं नाव नोंदवलं. रविवारी यंत्रं बंद ठेवून त्यांच्या दातांत अडकलेला कचरा खरवडून काढतात. गिरणीत त्या कामाइतकी धूळ दुसऱ्या कशात उडत नाही. जी धूळ आठवडाभर यंत्रानं गिळली, ती सिद्रामप्पानं रविवारी सकाळी ओकायला लावली आणि स्वतः गिळली.

आणि गंमत बघा. सोमवारी त्याला त्रास कमी झाला. मधे खंडच पडला नाही, तर नळी दचकणार कशाला? आठवडाभर, सातही दिवस सारखीच सुजलेली. सिद्रामप्पाला वाटलं, आपलं शास्त्र सिद्ध झालं. सात रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर त्यानं ते जाहीर केलं. "सुट्टी सोडा, छाती सुटंल." खात्यातल्या आणखी सहा जणांनी रविवारच्या सफाईला नाव दिलं. धूळ आली तर ती कफात पकडता येते. मूर्खपणा पकडायची सोय आमच्याकडं नाही.

माझी दशा काय सांगू? सफाईला आमचा जो एक वार होता तोच गेला. शेजारणी गळून पडू लागल्या. त्यांच्या जागी खालून ज्या नव्या वर आल्या, त्यांतल्या काही चक्क टकल्या निघाल्या. चपट्या, निबर, एक केस नाही. फरशीसारख्या पसरून बसायच्या. काम विचारलं तर म्हणायच्या, "आम्ही टिकायला आलोय, झाडायला नाही." मी एकटी दोन माणसांचं झाडत राहिले. शाबासकी कुणाला? गुळाला.

श्रावणात लेझमीची तालीम सुरू झाली. पहिल्याच संध्याकाळी शेवटच्या डावाला सिद्रामप्पानं श्वास घेतला, शिट्टी ओठाला लावली आणि मधेच ठसका लागला. अर्ध्या शिट्टीवर वीस माणसं बसली, वीस उभी राहिली, आणि उभी बसलेल्यांवर आदळली. मायाक्काचा भाऊ बिरप्पा पहिल्या रांगेत होता. त्याचा डोळा चार वर्षं त्या शिट्टीवर होता.

"दाजी, शिट्टी हिकडं द्या," तो म्हणाला. "तुमी हलगीजवळ हुबं ऱ्हावा. वयस्कर माणसं तितंच शोभत्यात."

"हात लावून बघ शिट्टीला!"

"मी कशाला लावू? फुंकता आलीच न्हाय तर विसर्जनाला तुमीच खाली ठिवाल."

त्या दिवसापासून सिद्रामप्पाला दुसरं काही सुचेना. विसर्जनाला शिट्टी आपल्याच तोंडात पाहिजे. त्यासाठी त्यानं गूळ दुप्पट केला.

अशात वीज कमी पडली आणि गिरणी आठ दिवस बंद राहिली. सिद्रामप्पा हबकला. आठ रविवार एकदम! तो गिरणीच्या फाटकावर जाऊन पहारेकऱ्याला विनवत होता, म्हणे आत नुसता झाडू तरी मारू दे. पहारेकऱ्यानं हाकलला. या सगळ्या गोष्टीत तो पहारेकरी मला सगळ्यांत उपयोगी माणूस वाटतो.

मायाक्कानं मात्र संधी साधली. रोज सकाळी ती त्याला घोंगडीखाली बसवून उकळत्या पाण्याची वाफ द्यायची. मित्रांनो, वाफ आमच्यापर्यंत पोचते. वर्षभरात या घरातून माझ्यापर्यंत पोचलेली ती पहिली चांगली वस्तू. ऊब लागली, कॅल्शियमचं दार उघडलं, केस चालू लागले. आधी अडखळत, मग भराभर. क्लोराइडचं दारही हळूहळू सुटलं, कारण मायाक्कानं बिड्यांचा पुडा लपवला आणि कुठं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. वाफ झाली की ती त्याला उंबऱ्यात उभं करून शिट्टी फुंकायला लावी आणि बोटांवर मोजे. पहिल्या दिवशी पाच मोजेपर्यंत दम संपला. तिनं भिंतीवर कोळशानं पाच रेघा ओढल्या. चौथ्या दिवशी अकरा. आठव्या दिवशी एकोणीस रेघा झाल्या, आणि गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

नवव्या दिवशी गिरणी सुरू झाली. दुपारी सिद्रामप्पा भिंतीला धरून धापा टाकत होता. संध्याकाळी मायाक्कानं शिट्टी फुंकायला लावली. चार रेघा.

"बघितलंस?" तो धापा टाकत, पण विजयी मुद्रेनं म्हणाला. "आठ दिस बसलो, आठपट बाधलं!"

मायाक्का भिंतीकडं बघत राहिली. एका बाजूला एकोणीस, तिच्या शेजारी चार. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याला दवाखान्यात घेऊन आली. बिरप्पाही आला. काळजी म्हणून नव्हे. विसर्जन सहा दिवसांवर होतं आणि शिट्टी कुणाच्या खिशात जाते, ते त्याला समोर बघायचं होतं.

डॉक्टरांनी खोकला ऐकला, बरगड्या बघितल्या आणि क्षयाची शंका काढली. थुंकी तपासायला ही डबी हातात दिली. सिद्रामप्पानं तोंडातली लाळ टाकून डबी परत केली. तपासणीच्या खोलीतले हुसेनसाब पन्नाशीचे, जाड भिंगाचे. त्यांनी डबीत डोकावून बघितलं.

"आप्पा, ह्यात सुपारी हाय, तंबाखू हाय. फक्त तुमी न्हाई. खोलातनं काढा की!"

मग सिद्रामप्पानं असा खोकला काढला की मी मुळापासून उखडले आणि डबीत येऊन पडले. सव्वा वर्षाची नोकरी. निरोप नाही, नारळ नाही.

हुसेनसाबांनी बेडक्याचा एक भाग काचेवर पसरला, ज्योतीवर धरला, लाल रंग घातला, धुतला, निळा घातला. माझ्या काही शेजारणी त्यात गेल्या. रंगपंचमी आणि अंत्यसंस्कार एकाच काचेवर. मी डबीच्या कडेला चिकटले होते म्हणून वाचले. हुसेनसाब बराच वेळ भिंगात लाल काड्या, म्हणजे क्षयाचे जंतू, शोधत बसले.

"न्हाई," ते म्हणाले. "टीबी न्हाई."

सिद्रामप्पा उडीच मारायचा बाकी होता. "म्हणलं न्हवतं? रोग न्हाय काय न्हाय! रविवारच हाय तो! ह्या रविवारी दोन यंत्रं जादा घेतो बघ."

बिरप्पाचं तोंड उतरलं. दोघं दाराकडं निघाले. मायाक्का स्टुलावरून उठली नाही.

"साहेब, त्यो रोग न्हाय, मग कंचा हाय?"

"अक्का, मला लाल काड्या शोधाया बसवलंय. दुसरं काय दिसलं तर लिहायला ह्या कागदावर जागाच न्हाई."

"कागदावर नगा लिवू. मला सांगा." आणि तिनं भिंतीवरच्या रेघा सांगितल्या. पाच, अकरा, एकोणीस. मग गिरणी. मग चार.

हुसेनसाबांनी चष्मा काढून पुसला. मग डबी ओढली, उरलेल्या बेडक्यातला एक थेंब काचेवर घेतला, पण रंगवला नाही, भाजलाही नाही. वर कोमट मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला. त्या थेंबात मी होते. ऊब लागताच माझं दार उघडलं. मित्रांनो, मालकापासून सुटलेली असले तरी काम मी विसरले नव्हते. दोनशे केस एकदम चालले. खरं सांगायचं तर थोडा दिमाखही दाखवला. सव्वा वर्षात पहिल्यांदाच कुणीतरी बघत होतं.

"या आप्पा. एक डोळा मिटा."

सिद्रामप्पानं दोन्ही मिटले. मायाक्कानं त्याचा एक उघडून दिला.

"अगंगं! मासळी तडफडाय लागलीय!"

"मासळी न्हाई. तुमच्या नळीतली झाडूवाली हाय. धूळ वर ढकलती."

"माझ्यात? आन पगार कोण देतंय तिला?"

"कोणच न्हाई. आता भिंगावरनं डोळा काढू नका." हुसेनसाबांनी सिद्रामप्पाच्या टोपीच्या कडेतून चिमूटभर कापूस ओढला, कोमट पाण्यात चुरगळला, आणि त्या पाण्याचा एक थेंब काचेच्या कडेनं आत सोडला.

ते पाणी मी ओळखलं. सव्वा वर्ष तेच खाल्लं होतं. पण आता माझ्याजवळ एकही शेजारीण नव्हती, कफाची चादर नव्हती. केस जड झाले. बारा झटक्यांचे आठ, आठाचे चार. मग नुसती थरथर.

सिद्रामप्पाचा डोळा भिंगाला चिकटला होता.

"थांबली की वो," तो हळूच म्हणाला. "मेली?"

"दमली," हुसेनसाब म्हणाले.

"हिला सुट्टी कवा असती?" मायाक्कानं विचारलं.

"ह्यांना असती तवाच. धूळ बंद, तवा ही मागचं आवरून घेती."

सिद्रामप्पानं डोकं वर केलं. त्याच्या मेंदूत काहीतरी ढकललं जात वर येताना मी पाहिलं. आमच्यापेक्षा फार हळू येत होतं, पण येत होतं.

"म्हंजे रविवारी मी बसलो की ही आवरत व्हती," तो म्हणाला. "आन मी रविवारीच हिच्या अंगावर कचरा वतला."

त्यानं खिशातून पितळी शिट्टी काढली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि बिरप्पापुढं धरली. चार वर्षं डोळा ठेवून बसलेला बिरप्पा, पण त्याचा हात पुढं येईना.

"घे की. औंदा तू फुंक. रविवार बंद, आन ह्या खात्यातनं घडी खात्यात टाका म्हणून साहेबाला सांगणार हाय. तितं कापडाच्या घड्या घालायच्या, धूळ न्हाय. माझ्यातल्या बाया जरा आवरून घेऊ देत."

"आन पुढल्या वर्साला, दाजी?"

"पुढल्या वर्साला परत मागणार हाय. दात लावून ठिवू नगंस."

मित्रांनो, मी त्याला माफ केलं असं कृपा करून समजू नका. ज्या माणसाला स्वतःच्या छातीतलं कळायला दोन भिंगं, एक बायको आणि माझा जीव लागला, त्याचं मी काय कौतुक करू? खात्यातले ते सहा जण अजून रविवारी सफाईला जातातच, आणि बिड्यांचा पुडा सिद्रामप्पाला सापडला तर काय होईल यावर मी पैज लावणार नाही. पण त्याच्या नळीत, माझ्या मोकळ्या जागेखाली, एक कोवळी पेशी बसलेली आहे. तिला केस यायचे की टक्कल, हे अजून ठरायचंय. तुमच्याही नळीत अशा लाखो आहेत. त्यांना गूळ नको, कौतुक नको, आत्मवृत्तही नको. स्वच्छ हवा द्या, आणि सुट्टी मिळेल तेव्हा बिनतक्रार घरी बसा. एवढं तर अडाण्यालाही जमतं. सिद्रामप्पालासुद्धा जमणार आहे.

ते तिघं निघाले. दारापर्यंत जाऊन सिद्रामप्पा परत फिरला. टोपी हातात घेऊन, जरा लाजत, तो हुसेनसाबांना म्हणाला, "साहेब, तिला अजून एक थेंब गरम पाणी घाला की."

हुसेनसाबांनी घातलं. माझं दार उघडलं. ढकलायला आता काहीच उरलं नव्हतं, तरी केस हलले.